कोठीची वही आणि कारागिराची चिठ्ठी

नंदुरबारच्या कापड बाजारात जुन्या गोष्टी निघाल्या की कोणीतरी म्हणतोच, इंग्रज गज घेऊन कापड मोजायला आले आणि मुलूख मोजून बसले. आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. आमचे घर कोरीटचे, दुकान नंदुरबारला, शिक्षण उर्दू शाळेतले. शाळेत कंपनी बहादूरचा इतिहास प्लासीच्या लढाईपासून, म्हणजे १७५७ पासून सुरू व्हायचा. प्लासीच्या ९० वर्षे आधी आपल्याच तालुक्याच्या गावी इंग्रजांची कोठी होती, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. ते कळले पन्नाशी जवळ आल्यावर, १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमधून. १६६६ मध्ये नंदुरबारला इंग्रजांची कोठी होती. १६७० च्या सुमारास तर हे गाव व्यापाराच्या दृष्टीने इतके वजनदार होते की इंग्रजांनी अहमदाबादचे अडते हलवून नंदुरबारला आणले. अहमदाबाद सोडून नंदुरबार! आज आमच्या बाजारात हे सांगितले तर लोक चहाचा पेला खाली ठेवून हसतील.

कोठीला इंग्रजीत फॅक्टरी म्हणत, पण तेथे काही तयार होत नसे. फॅक्टर म्हणजे अडत्या. अडत्या राहतो, माल घेतो, साठवतो, पुढे धाडतो ती जागा म्हणजे फॅक्टरी. कारखाना होता तो विणकराच्या घरात, त्याच्या मागावर. कोठीत होती फक्त रोकड, गठ्ठे आणि वह्या.

नंदुरबारच का, याचे उत्तर रस्त्यात आहे. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर असा तो मोगली काळातला मोठा मार्ग होता. बुऱ्हाणपूरहून पुढे आग्रा. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच रस्त्याने बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या टाव्हर्निये याच वाटेने गेला. त्याने नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव असल्याचे लिहून ठेवले आहे आणि तेथल्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असेही. बुऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो इथपर्यंत जाते, हेही त्यानेच नोंदले. सुरतेला तेव्हा मक्केचा दरवाजा म्हणत. हाजी आणि कापडाचे गठ्ठे एकाच जहाजातून जात आणि कित्येक हाजी जाण्यायेण्याचा खर्च जिद्दाला चार थान विकूनच काढत.

या रस्त्याने मरणही पाहिले. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला जाताना नोव्हेंबर महिन्यात नंदुरबारला थांबला होता. रस्त्यावर आणि गावात पडलेल्या प्रेतांचे त्याने जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. त्या दुष्काळात गुजरातेतले विणकर मेले, उरलेले परागंदा झाले आणि कोठ्यांचा कापडाचा धंदा काही वर्षे बसला. कापड म्हणजे शेवटी माणसाचे हात, हे इंग्रजांना तेव्हा पुरते समजले असावे.

आता कोठीतले राहणे कसे होते ते पाहू. नंदुरबार ही सुरतेची शाखा. सुरतेला इंग्रजांची कोठी १६१३ पासून. तेथे वीस-पंचवीस वर्षांचे पोरगे विलायतेहून येत. आधी शिकाऊ, मग रायटर, मग फॅक्टर, मग मर्चंट अशी पायरी. रायटरचा पगार वर्षाला सुमारे १० पौंड, फॅक्टरचा २०. एवढ्यात काय भागणार? म्हणून प्रत्येक जण स्वतःचा खाजगी व्यापारही करी. पण राहणे एकत्र. दिवसातून दोनदा प्रार्थना, जेवण एका दालनात एका मेजावर आणि बसायचे हुद्द्याप्रमाणे. रात्री फाटक बंद. १६८९ मध्ये विलायतेहून निघालेला त्यांचा पाद्री ओव्हिंग्टन लिहितो की कोठीत स्वयंपाकी तीन प्रकारचे होते, इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी. मेजावर पुलाव, कबाब आणि दमपुख्त कोंबडी असे. हे वाचून आम्हाला गंमत वाटली. आमच्याच दस्तरखानावर बसून आमचाच बाजार शिकले म्हणायचे.

त्यांच्यात भांडणे नव्हती असे नाही. दारू होती, मारामाऱ्या होत्या, एकमेकांविरुद्ध चुगलीची पत्रे लंडनला जात होती. पण एक गोष्ट सुटली नाही. कोठीत जे ठरले ते त्याच दिवशी लिहिले जाई, कोण हजर होता ते लिहिले जाई, हिशेबाची नक्कल वरच्या कोठीला जाई आणि तेथून लंडनला. एखादा फॅक्टर तापाने मेला, आणि पुष्कळ मेले, तरी दुसरा येऊन त्याच वहीचे पुढचे पान उघडत असे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच सुरतेत बोहरा समाजातले मुल्ला अब्दुल गफूर हे व्यापारी होते. १७-१८ जहाजे त्यांची. मोखा, जिद्दा, बसरा सगळीकडे त्यांचा माल. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने लिहिले आहे की या एका माणसाचा व्यापार अख्ख्या इंग्रज कंपनीच्या तोडीचा होता. १७१८ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी अधिकाऱ्यांनी वारस नाही म्हणून मालमत्तेवर टाच आणली. मोठ्या खटपटीने ती सुटली. नातू मुहम्मद अली कारभार पाहू लागला, सुरतेच्या मुत्सद्द्याशी त्याचे वाकडे आले आणि १७३३ मध्ये तो कैदेतच मेला. त्याच्याबरोबर त्या पेढीचा जुना दबदबाही गेला. लोक म्हणतील, मुत्सद्दी जालीम होता. होताच. पण तेवढेच कारण सांगून आपण सुटतो. ती पेढी एका माणसाच्या, फार तर एका घराच्या श्वासावर चालत होती. कंपनीत भागीदार शेकडो, मरणारे मरत आणि कंपनी चालत राही. ती कंपनी १८७४ मध्ये संपली, ही गोष्ट वेगळी.

आम्ही हे इंग्रजांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. कौतुक करायचे तर आधी विणकराकडे पाहावे लागेल.

इंग्रज खानदेशात मुख्यतः बाफ्ता घेत. बाफ्ता हा आपला फारसी शब्द आहे, बाफ्तन म्हणजे विणणे. जहाजे पावसाळा संपला की सुरतेजवळ सुंवाळीच्या बंदरात लागत आणि थंडीत परत निघत. जहाज उभे असताना माल घ्यायला गेले तर भाव चढलेला. म्हणून पावसाळ्यातच, विणकराच्या घरात दाणा नसतो तेव्हा, दलालामार्फत आगाऊ रक्कम द्यायची आणि नमुन्याबरहुकूम कापड बांधून घ्यायचे. याला दादन म्हणत. हाही फारसी शब्द, दादन म्हणजे देणे. विणकर त्या पैशातून सूत घेई, घर चालवी, महिने-दोन महिन्यांनी थान आणून टाकी. कोठीत ते नमुन्याशी ताडून पाहत. पन्हा कमी, वीण विरळ, लांबी अपुरी, काही निघाले की थान परत. थान परत म्हणजे दादन अंगावर. दलालाची दस्तुरी मात्र त्याआधीच कापलेली.

तरीही १६६६ च्या विणकराला एक आधार होता. गिऱ्हाईक एकटा इंग्रज नव्हता. या रस्त्यावर आर्मेनी होते, इराणी होते, बुऱ्हाणपूरचे आणि सुरतेचे मोठे व्यापारी होते. इंग्रजाने जास्त ताणले तर विणकर दादन परत करून दुसऱ्याचे काम धरू शकत होता. कोठीचा फॅक्टर तेव्हा मोगली फौजदाराला सलाम करून राहत होता, विणकरावर शिपाई घालण्याची त्याची टाप नव्हती. प्लासीनंतर बंगालमध्ये हेच दादन विणकराच्या गळ्याचा फास झाले, कारण तेथे गुमास्त्याच्या पाठीशी कंपनीचे शिपाई उभे राहिले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला माल देण्याची बंदी झाली. दादन तेच, वही तीच. फरक इतकाच की विणकराच्या हातून दुसरा दरवाजा गेला. आणि वही पहिल्यापासून एकाच्याच हाती होती. कोठीत वह्यांच्या थप्प्या होत्या, लंडनला नकला होत्या, पण ज्याच्या नावावर दादन लिहिले होते त्या विणकराकडे एक ओळ नव्हती.

आमचे म्हणणे या ओळीपुरतेच आहे.

आमच्या घरातला कारोबार वडिलांपासूनचा. ते आठवडे बाजार करत. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा तर पंधरा दिवस घरी नसत. आम्ही दुकान थाटले. सुरतेहून साड्या आणि ताके आणायचे, काही माल तसाच विकायचा आणि काही कापडाचे परकर, पोलकी शिवून घ्यायची. शिवणारी घरे कोरीटमध्ये आहेत, नंदुरबारच्या मोहल्ल्यात आहेत. कटिंग आम्ही देतो, शिलाई नगावर. गरजेला आगाऊ रक्कम देतो, तिला आमच्याकडे बाकी म्हणतात. म्हणजे दादनच.

साधारण बारा वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या कारागिराचा इंतकाल झाला. १८ वर्षे आमचे परकर शिवत होता. मुलीच्या लग्नात त्याने उचल घेतली होती आणि आमच्या खातेवहीत त्याच्या नावावर ६,८०० रुपये बाकी होती. आम्ही मयतीत गेलो, माती दिली. बाकी माफ करावी असे मनात होते. तसे दोन माणसांत बोलूनही दाखवले आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. इद्दत संपल्यावर त्याची बेवा मुलाला घेऊन दुकानात आली. हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "भाईजान, माफी नको, हिसाब पाहा."

पिशवीत कॅलेंडरची पाने होती. गठ्ठा पोचवला की शाळेत जाणारा मुलगा त्या तारखेला नग लिहून ठेवी. आम्ही मुनीमजींना बसवले. दुपारभर ताडून पाहिले. तीन वर्षांतले ७५ डझन परकर आमच्या खातेवहीत जमाच नव्हते. मुनीमजींनी कच्च्या चिठ्ठ्यांवर नोंद केली, चिठ्ठ्या गल्ल्याच्या खालच्या खणात पडल्या आणि खात्यावर चढल्या नाहीत. खणातून त्या बहुतेक निघाल्याही. तेव्हा शिलाई नगाला ८ रुपये, डझनाला ९६. हिशेब ७,२०० झाला. म्हणजे देणे आमचे निघाले, ४०० रुपये.

रक्कम लहान आहे. पण ती तीन वर्षे आम्हाला आठवू लागली. त्या काळात त्याने एकदाही दर वाढवून मागितला नाही. एकदा दुसऱ्या दुकानदाराने त्याला जास्त दराने काम देऊ केले, तेव्हा तो म्हणाला होता, सेठची बाकी आहे, फिटल्याशिवाय दुसऱ्याचे काम धरणे बरे नाही. हे त्या दुकानदारानेच आम्हाला नंतर सांगितले. माणूस इमानदार होता म्हणून अडकला. नसलेल्या बाकीने अडकला. आम्ही बेइमानी केली नाही असे आम्ही आजही म्हणतो, पण त्याला त्याने काय फरक पडला?

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीवर आहे. सूरह बकरात आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत. आणि त्यात असेही आहे की मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने. जुम्म्याच्या बयानात हे आम्ही कितीदा ऐकले असेल. आमच्या दुकानांत मात्र लेखणीही सेठची, मजकूरही सेठचा आणि वही सेठच्या कपाटात.

बिरादरी म्हणून आपण काही मागे नाही. लग्नात देगा एकत्र चढतात, मयतीला चार गावचे लोक तासाभरात जमतात. मशिदीचा ११ रुपयांचा चंदा दिला तरी छापील पावती फाडून मिळते, नाही मिळाली तर आपण मागतो. पण त्याच जमातीतला कारागीर वर्षाला लाखाचे काम करून देतो आणि त्याच्याकडे कागदाचा कपटा नसतो. त्याने मागितला तर आपल्याला तो अविश्वास वाटतो. कोठीतले इंग्रज एका मेजावर जेवत आणि तरी एकमेकांच्या हिशेबावर सही घेत. आपण म्हणतो, घरच्यासारखे संबंध आहेत, कागद कशाला?

आता कायद्याचेही पाहू, कारण मार्च २०२४ मध्ये आमच्या बाजारात याच विषयावर फार आरडाओरडा झाला. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यात असे आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल अथवा काम घेतले तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. कायदा जुनाच, पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात त्याला जोड आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही, म्हणजे तिच्यावर कर बसतो. सुरतेच्या बाजारात माल परत करण्याची, ऑर्डरी रद्द करण्याची धावपळ उडाली. आम्हीही सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन करून विचारले, तुमची नोंदणी कसली आहे, उत्पादक की व्यापारी? कारण निव्वळ व्यापाऱ्याच्या देण्याला ही मुदत लागत नाही.

त्या गडबडीत आमच्या लक्षात आले की सुरतेच्या ४५ दिवसांसाठी आमची झोप उडाली आहे आणि कोरीटच्या शिलाईचे ९०-९० दिवस थकलेले पैसे कोणाच्या मनातही नाहीत. कारण उघड आहे. सुरतवाल्याकडे बिल आहे, उद्यम नोंदणी आहे, वकील आहे. कोरीटच्या घरात शिलाई मशीन आहे आणि कॅलेंडर आहे. उद्यमची नोंदणी २०२० पासून ऑनलाइन होते, तिला फी नाही, आधार लागते. शिवणारा, विणणारा, रंगाई करणारा कोणीही ती करू शकतो. कारागीर वाचकांनी ती जरूर करावी. नोंदणी केल्याने काम सुटेल अशी भीती घालणारे भेटतील. त्यांना विचारावे, सुरतवाल्याचे सुटले का?

मालक वाचकांना आमचे सांगणे वेगळे आहे. आम्ही त्या प्रसंगानंतर दुकानात दुहेरी पानाची वही आणली, मध्ये कार्बन घालायची साधी वही. गठ्ठा आला की नग, दर, दिलेली रक्कम आणि बाकी चार रकान्यांत लिहायची, दोघांची सही किंवा अंगठा, वरचे पान कारागिराला. उचल दिली तरी तेच. शिवाय एक गोष्ट तोंडी सांगून ठेवली आहे, बाकी असताना दुसऱ्याचे काम धरले तर आमची हरकत नाही. सुरुवातीला दोघांनी खरोखरच दुसरीकडे जास्त दराने काम धरले. आम्हाला शिलाईचा दर नगामागे एक रुपया वाढवावा लागला. ते दोघे आजही आमचेही काम करतात.

बाजारातले आमचे काही दोस्त यावर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे, तुम्ही कारागिरांना डोक्यावर बसवता, उद्या सगळेच पावती मागतील. एकाने तर तोंडावर सांगितले की गरिबाला कागद दिला की तो कागद घेऊन दारोदार फिरतो. आम्हाला यात वाईट काय ते कळले नाही. सुरतेचा माल आम्हीही भाव विचारत चार दुकाने फिरूनच घेतो.

एक अडचण मात्र खरी आहे. वही लिहायला वेळ लागतो, सीझनला तर फारच. मुनीमजींचे वय झाले, अक्षर लावता येत नाही असे कारागिरांची मुले सांगतात. मोबाईलवर हिशेब पाठवावा अशीही मागणी आहे आणि ती रास्त आहे. आमचा मुलगा ते करील असे म्हणतो, अजून केलेले नाही.

गेल्या रमजानच्या आधी सगळ्यांचा हिशेब चुकता करताना कोरीटच्या एका कारागिराची सून तिच्याकडची पाने क्रमाने लावून घेऊन आली होती. तिने आमच्या बेरजेत ३४० रुपयांची चूक दाखवली. चूक आमच्या फायद्याची होती. पैसे तिथल्या तिथे दिले. तेव्हापासून मुनीमजी बेरीज दोनदा करतात.